न कापलेले गवत

मित्रांनो, चर्चच्या मागे पत्र्याची एक खोली आहे. तिथे भिंतीला टेकून उभे असलेले, गवत कापायचे जुने यंत्र म्हणजे मी. दोन चाके, पाच पाती आणि एक लाकडी दांडा. इंजिन नाही, माणूस ढकलेल तेवढाच माझा जीव.

मला ढकलत ते आवाराची देखभाल करणारे काका. दर शनिवारी आम्ही निघायचो. रविवारी मंडळी म्हणायची, "आवार कसं गालिच्यासारखं दिसतंय!" काका मिशीतल्या मिशीत हसायचे आणि मी इकडे खोलीत फुगायचे.

मग काकू गेल्या. त्यांना कुंपणाजवळ पुरले. तेव्हापासून काका सुरुवात तिथूनच करत. कबरीवर गवताची एक वाढलेली काडीही त्यांना खपत नसे.

एका वर्षी काकांचा गुडघा धरला. महिनाभर ते आले नाहीत आणि गवताने डोके वर काढले. त्याच सुमारास पाळकांनी उपासनेत देवाच्या सृष्टीसाठी प्रार्थना केली. मधमाश्या कमी होत चालल्या आहेत, म्हणून दरवर्षी फुले येऊन बी गळेपर्यंत आवारातले गवत कापायचे नाही, असे मंडळीने ठरवले.

काका लंगडत तडक खोलीपाशी आले. मागोमाग पाळक.

"प्रार्थना करा की खुशाल! माझ्या कामावर कशाला उठलात?" काका कडाडले. "तिच्या कबरीवर रान माजलं तर लोक म्हणतील, म्हातारा बायकोला विसरला!"

"काका, ती कबर तुमची. तिथलं तुम्हीच ठरवा."

"माझी नाही, तिची. माझी व्हायला अजून वेळ आहे!"

त्यांनी मला ओढत कबरीपाशी नेले. माझ्या पात्यांपुढे बारीक जांभळी फुले होती. त्यांवर दोन-तीन मधमाश्या कामाला लागल्या होत्या. काकांनी दांडा घट्ट धरला, पण ढकलला नाही.

"आयुष्यभर खिडकीत चार कुंड्या मागत होतीस," ते हळूच म्हणाले. "मी म्हणायचो, पसारा नको. घे, जिंकलीस बाई."

आणि मला मागे फिरवले.

उंच गवत माझ्या पात्यांना झेपत नाही. बी गळल्यावर वर्षातून एकदा शेजारचा विळा बाहेर जातो आणि आल्यावर महिनाभर मिजास करतो. काका अजूनही शनिवारी येतात, पण खोलीकडे नाही. कबरीजवळ स्टूल टाकून बसतात. पत्र्याच्या फटीतून मला त्यांची पाठ दिसते.

मला राग नाही. एकटे वाटते, एवढेच. मित्रांनो, सृष्टी जपायची तर कधी हात चालवावा लागतो, कधी आवरावा लागतो. तुम्हीही एखादा कोपरा तसाच वाढू द्या. आणि त्यापायी ज्याचे काम सुटले असेल, त्याच्या दाराशी एकदा जाऊन या. तोही सृष्टीतच येतो.