नाव घेऊन टाकलेला बॉल

सुमित्राने पदराने चष्म्याची डावी काच पुसली. काच स्वच्छच होती. तिने ती पुन्हा पुसली, पदर खोचला आणि जाळीपाशी जाऊन उभी राहिली.

पलीकडे पनागर गावच्या सहा जणी होत्या. सकाळच्याच टेंपोने आल्या होत्या, येताना मटारची थैली घेऊन. शेतात राबलेले हात, बॉल आला की गप्पकन मिटणारे. अधारतालच्या या बागेत बाहेरचा संघ पहिल्यांदाच खेळत होता.

खेळ तसा साठी उलटलेल्यांचा. बॉल मऊ. पळायचं नाही, उडी मारायची नाही. जाळीवरून आलेला बॉल झेलायचा आणि परत टाकायचा. खाली पडला की गुण समोरच्यांना. आणि टाकण्याआधी, जिच्याकडे टाकायचा तिचं नाव घ्यायचं. सुमित्रा, घे. अंजनी, घे. नाव आलं की मान वळायची, मान वळली की हात.

त्या नावावरच सुमित्राचं सगळं उभं होतं. तिच्या डाव्या डोळ्याला काही दिसत नव्हतं. काळा मोतिबिंदू, गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. नवरा, शांताराम, गेल्यावर वर्षभर ती घरात बसून होती, भाजीवाल्याशी बोलली तेवढीच. शेजारच्या भानुमतीने हाताला धरून तिला इथे आणलं. आता डोळ्याचं कळलं तर बाकावर बसवतील. मायेनेच बसवतील, वर शाल पांघरतील. आणि त्या बाकापासून घर फार जवळ होतं.

ती आली तेव्हा हा नियम नव्हता. दुसऱ्याच आठवड्यात एक बॉल तिच्या डाव्या कानशिलावर आदळला. लक्ष नव्हतं, असं तिने सांगितलं. दुसऱ्या दिवशी भानुमती म्हणाली की वरून नवा नियम आलाय, नाव न घेता टाकलं तर फाऊल. त्या संध्याकाळी सुमित्राने देवापुढे साखर ठेवली होती.

पनागरच्या बाया मात्र मुक्यानेच टाकत होत्या. आधीचे बॉल उजवीकडून आले, निभावले. नवख्या आहेत, पंच सांगतील, असं तिला वाटलं. मग एक बॉल डावीकडे पडला. पाठोपाठ दुसरा. तिसरा तिच्या खांद्याला घासून गेला तेव्हा तिला कळलं, की बॉल येऊन गेला.

तेरा-तेरा. पंधराला खेळ संपणार होता.

आजच्यापुरते पंच मुरलीधरजी, शाळेतले खेळाचे निवृत्त मास्तर. ती त्यांच्याकडे वळली.

"या नाव घेऊन नाही राहिल्या. फाऊल द्या ना."

"कौन सा नाम, दीदी?"

"टाकायच्या आधी घ्यायचं ते. नियम आहे."

"असा नियम नाही, दीदी. कधीच नव्हता."

पलीकडे कुणीतरी हसलं. आपल्या बायका दिसाव्यात म्हणून सुमित्राला अख्खी मान वळवावी लागली. अंजनी स्वतःच्या बुटांकडे पाहत होती. प्रतिमा जाळीची गाठ सोडवत होती, जी सोडवायची नव्हती. भानुमती बांधलेला अंबाडा पुन्हा बांधत होती.

अकरा महिने. रोज सकाळी, प्रत्येक बॉलला नाव घेतलं होतं यांनी.

बाक तिथेच होता. कुणाची तरी शालही त्यावर होती. सुमित्रा जागची हलली, आणि चालत भानुमतीपाशी गेली.

"काहून नाही बोललीस?"

"तू काहून नाही बोललीस?"

सुमित्राने चष्मा काढून हातात धरला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "डावीकडचं मला दिसत नाही."

"माहीत आहे," भानुमती म्हणाली. "रोज ओरडून घसा बसून राहिला माझा. चल, सरक उजवीकडे. ही बाजू माझी."

मुरलीधरजींनी शिटी वाजवली. पनागरची उंच बाई बॉल घेऊन उभी होती. तिने हात उचलला, पुन्हा खाली घेतला, आणि जाळीजवळ आली.

"दीदी, आपका नाम?"

चष्मा आता डोळ्यांवर होता. सुमित्राने दोन्ही हात पुढे केले.

"सुमित्रा. मगर धीरे मत डालना."