सातातली रेघ

डेटलेफने विमानाचं पोट पडद्यावर मोठं केलं आणि पुढच्या चाकाच्या झाकणावर धुळीचा हलका थर चढवला. झाकणाच्या कडेला बोटभर फट राहत होती. जुन्या नकाशातल्या मापाने ती तशीच येत होती, म्हणून त्याने ठेवली. वर तांबूस आभाळ, खाली धुरकट शहर आणि त्यावर झेपावणारं काळं विमान. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात जर्मनीत आखलेलं, कधीच न बांधलेलं. सहापर्यंत हे मुखपृष्ठ प्रकाशकाकडे जायचं होतं.

“उतरली का तुझी भुतं खाली?” स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोने, गुड्रूनने विचारलं. “केक कापलाय. आणि तुझ्या आईंनी माझ्या मुरंब्याच्या बाटल्या पुन्हा गिरवल्यात.”

बाटल्यांच्या चिठ्ठ्यांवरच्या प्रत्येक सातातून त्याची आई इर्मट्राउट जाड आडवी रेघ ओढत असे. कॅलेंडरवरचे छापील सातही तिने सोडले नव्हते. घरात त्याची थट्टा चाले.

“माझी भुतं गरीब आहेत,” तो म्हणाला. “उडालीच नाहीत, तर मारणार कुणाला?”

जवळपास हेच वाक्य तो प्रत्येक चित्राखाली छापत असे. त्या वाक्यामुळे हे काम त्याला निर्धास्तपणे करता येई.

काठी टेकत इर्मट्राउट खोलीत आली. तरुणपणी ती विमान कारखान्याच्या कचेरीत नकाशे शाईने गिरवायची. नव्वदी उलटली तरी त्याबद्दल बोलली नव्हती, मुलाची चित्रंही तिने कधी पाहिली नव्हती. आज त्यानेच गळ घातली होती.

“तुमच्याच कचेरीतला नकाशा आहे, आई. बघ तरी, जमलंय का.”

तिने बराच वेळ पाहिलं.

“ही फट कसली?”

“माप तसंच आहे. एक्केचाळीस.”

“दाखव.”

त्याने नकाशाची प्रत उघडली. तिने आकड्यावर नख टेकवलं.

“सत्तेचाळीस आहे ते.”

“साताला रेघ कुठाय?”

“नाही.” ती खुर्चीत बसली. “माझ्याकडून राहिली.”

त्यांच्याकडे हाताने लिहिलेला 1 लांब शेंडीचा असतो. पोटातली रेघ राहिली, तर 7 हा आकडाही 1 सारखाच दिसतो.

“लाकडी नमुना करायला छळछावणीतला एक कैदी सुतार आणला होता,” ती म्हणाली. “पेन्सिल कानावर ठेवायचा. त्यानेही एक्केचाळीसच वाचलं. झाकण आखूड पडलं. मुद्दाम बिघडवलं, असं अधिकारी म्हणाले.”

“मग?”

“दुसऱ्या दिवशी आम्हां सगळ्यांना अंगणात उभं केलं. त्याची फाशी बघायला.”

“तू सांगितलं नाहीस?”

“अठरा वर्षांची होते.” तिने काठीची मूठ चाचपली. “तोही काही फार मोठा नव्हता.”

डेटलेफचा हात नकळत माउसकडे गेला. झाकणाची कड मापपट्टीवर सहा घरं पुढे ओढली की फट मिटणार होती. तिने त्याचं मनगट धरलं.

“राहू दे. त्याने केलं होतं, तसंच आहे.”

हात सोडून ती पडद्याकडे झुकली.

“खाली काय लिहिलंयस? अक्षरं बारीक आहेत. वाच.”

“कागदावरच राहिलेलं विमान,” तो वाचू लागला. “याने कधी कुणाचा—”

“कॉफी गार होतेय,” आतून गुड्रून म्हणाली.

वाक्याच्या शेवटी कर्सर लुकलुकत होता. इर्मट्राउट ऐकण्यासाठी कान पुढे करून बसून होती.