नऊ वर्षांची लस

काय काम करता, असं कुणी विचारलं की मी सांगतो, कंपन्यांच्या किमती काढतो. लोकांना वाटतं फार भारी काम आहे. डोंबलाचं भारी! जे अजून घडलंच नाही ते घडलं तर काय होईल, हे दिवसभर तक्त्यात भरत बसायचं. बायको म्हणते, तुझ्यापेक्षा ज्योतिषी बरा, तो निदान गोड तरी बोलतो.

या वेळची कंपनी लसीची होती. सगळ्या प्रकारच्या फ्लूवर एकच लस. तेरा माणसांची प्रयोगशाळा आणि ती उभी करणाऱ्या शास्त्रज्ञ बाई. दोन महिने निघतील एवढेच पैसे उरलेले. एक मोठी औषध कंपनी त्यांना विकत घेऊन शेवटची मोठी चाचणी करायला तयार होती. अट एकच, मी काढलेला किमतीचा आकडा त्या चाचणीच्या खर्चाच्या वर यायला हवा. आणि येत होता, काठावर का होईना. लस दोन वर्षं टिकेल, मग माणूस पुन्हा टोचून घ्यायला येईल, असं मी धरलं होतं.

सोमवारी सकाळी बाईंचा मेल आला. नऊ वर्षांपूर्वी ज्या स्वयंसेवकांना लस दिली होती, त्यांचं रक्त पुन्हा तपासलं होतं. संरक्षण जसंच्या तसं! आनंदाच्या भरात बाईंनी तो मेल मला, माझ्या साहेबांना आणि त्या औषध कंपनीलाही पाठवलेला.

मी डोक्याला हात लावला. दोनच्या जागी नऊ टाकले आणि आकडा धाडकन खर्चाच्या खाली गेला. दोन दिवस झटलो. टोचून घेणारे वाढवले, यशाची शक्यता वाढवली, जिथे जिथे ताणता येईल तिथे ताणलं. काही उपयोग नाही. साहेब म्हणाले, "नऊ म्हणजे नऊ. सगळ्यांनी वाचलंय."

बुधवारी बाई स्वतःच आल्या. खुर्चीत टेकण्याआधीच विचारलं, "किती वाढला?"

"मॅडम, कमी झाला."

त्या हसल्या. मी थट्टा करतोय असं वाटलं त्यांना. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्या वाचत गेल्या आणि हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं.

"एकदा टोचलं की नऊ वर्षं कुणी येणार नाही," मी म्हणालो. "मग विकायचं कुणाला?"

"मग एका डोसची किंमत वाढवा ना!"

"सरकारं घेतात हो लस. नऊ वर्षांचे पैसे एकदम कोण देणार? विचारून पाहिलं मी."

"म्हणजे माणसं दोन वर्षांनी परत आजारी पडली असती, तर चाललं असतं?"

मला माझीच चीड आली. "हो," मी म्हणालो.

"तुम्ही काही करू शकत नाही?"

"नाही." हा शब्द इतका सरळ मी आयुष्यात कुणाला म्हटला नसेल.

त्या तक्त्यातल्या त्या नऊकडे बघत बसल्या. एकोणीस वर्षं घातली होती बाईंनी या लसीत, आणि मी एक चौकोन बदलून मोकळा झालो होतो. माफी मागावीशी वाटली, पण कशाची मागू ते कळेना.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. प्रयोगशाळेतून होता. पलीकडे बरीच माणसं एकदम बोलत होती, काय झालं, काय झालं म्हणून.

बाई खुर्चीतून उठल्या.

"अरे हो, दाखवलं ना," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं ऐकून चाटच पडले सगळे."

आणि माझ्याकडे पाठ करून खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.