थोरलं माणूस उठल्याशिवाय

गावावर परक्यांचं, रशियाचं निशाण चढलं त्याला आता तिसरं वर्ष, पण त्यांचा पासपोर्ट मी घेतला नाही. कचेरीतला माणूस दर खेपेला दम देतो, "घ्या, नाहीतर पेन्शन बंद, दवाखाना बंद." मी म्हणते, "माझा आहे एक, युक्रेनचा. अजून फाटलेला नाही."

लेक ओल्याना नदीपलीकडे पोल्ताव्हाला, तिथं अजून युक्रेनचंच राज्य. फोनवर रडायची, "आई, एकटी मरशील गं तिथं." शेवटी तिनं गाडी ठरवली. नदीवरचा पूल पडलाय, म्हणून अर्ध्या रशियातून वळसा घालून जायचं. मागं राहिलेलं घर हे लोक बेवारस ठरवतात आणि त्यांच्यातल्या कुणाला देऊन टाकतात, ते ठाऊक असून मी हो म्हणाले. आणि मग दिवसभर स्वतःवरच चिडून भांडी आपटत बसले.

सकाळी ड्रायव्हर हेन्नादी आला. शेजारची तामिलाही आली निरोप द्यायला. ही बया नवा पासपोर्ट घ्यायला रांगेत पहिली होती. निघण्याआधी घरात असतील त्या सगळ्यांनी घटकाभर गप्प बसायचं आणि थोरलं माणूस उठलं की मगच उठायचं, ही आमची रीत. आम्ही तिघं बसलो. मी उठले. कोंबड्यांना दाणे घाल म्हणून किल्ली तामिलाला दिली.

फाटकाबाहेर आल्यावर आठवलं, चष्मा राहिला. परत आत आले तर माझे पडदे खाली काढलेले आणि तामिला टेप घेऊन खिडकी मोजतेय.

"हे काय चाललंय गं?"

"घर रिकामं थोडंच राहणार, काकू?" तिला लाजबीज काही नाही. "रशियातून माझा भाचा येतोय, कचेरीत बोलून ठेवलंय मी. कुणी परका येण्यापेक्षा आपला बरा."

"त्यांच्या फौजेत आहे तोच ना?"

"असेना. तुमच्या चेरीला पाणी तरी घालेल."

ती चेरी माझ्या नवऱ्यानं लावलेली.

"आजी, चला, उशीर होतोय," हेन्नादी दारातून म्हणाला.

"तशाच कशा जाताय?" तामिलाच मधे पडली. "निघून परत आलात, आता पुन्हा बसायला हवं. नाहीतर वाटेत काहीतरी वाईट होतं."

"बरोबर बोललीस. बस तूही."

तिघं पुन्हा बसलो. मी माझ्या भिंतीएवढ्या विटांच्या चुलीला पाठ टेकली. हेन्नादीनं घड्याळ बघितलं. तामिलाची चुळबुळ सुरू झाली.

"काकू, उठा की आता."

"गप्प बसायचं असतं," मी म्हटलं. मग हेन्नादीकडे वळले. "बाळा, तू जा, तुला माफ. ओल्यानाला सांग, रडू नकोस. औषधाच्या गोळ्या आहेत, कोंबड्या आहेत, आणि आई घरात आहे."

तो जरा घुटमळला, मग हसला आणि गेला. गाडीचा आवाज लांब गेला तशी तामिला घाईघाईनं उठायला लागली.

"बस खाली," मी म्हटलं. "थोरली मी आहे. आणि आधी किल्ली ठेव टेबलावर."