सहाशे वाक्यं

ऑफिसात त्याला सगळे ‘सबुरी’ म्हणत. कुणी अपग्रेडची घाई केली की हा हात आडवा घालायचा, “सबुरी! आधी कॉपी काढा, ती परत लावून बघा, मग काय ते करा.” ताकसुद्धा फुंकून पिणारा माणूस. आणि नेमकं त्याच्याच हातून हे व्हावं! नशीब म्हणा नाहीतर आणखी काही.

हे ऑफिस घशाच्या दवाखान्याचं. स्वरयंत्र काढायची वेळ आली की पेशंटकडून आधी सहाशे वाक्यं बोलून घेत. पुढे त्याने फोनवर टाइप केलं की फोन त्याच्याच आवाजात बोलायचा. ती वाक्यं सांभाळायचं काम सबुरीचं. त्याची थोरली बहीणही नऊ दिवस येऊन बोलून गेली होती. आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं, म्हणजे मुख्यतः ओरडून ओरडून. “गाढवा, ‘आज हवामान सुखद आहे’ असं माणसं बोलतात होय रे?” म्हणाली, आणि तेही वाक्य बोलली. मंगळवारी तिचं ऑपरेशन झालं. बुधवारी दुपारी, ठरल्याप्रमाणे, अपग्रेड.

आता हे प्रोग्राम कंटेनरमध्ये चालतात. कंटेनर म्हणजे डबाच समजा. अपग्रेड म्हणजे जुना डबा फेकायचा आणि त्या जागी नवा ठेवायचा. म्हणून जे जपायचं ते डब्यात ठेवायचंच नाही, बाहेरच्या डिस्कवर ठेवायचं. हे सबुरीने शंभर जणांना शिकवलं असेल. पण महिन्यापूर्वीच्या अपग्रेडने फोल्डरचं नाव बदललं होतं, नव्या नावाचा फोल्डर बाहेरच्या डिस्कला जोडलेलाच नव्हता, आणि तेव्हापासूनची रेकॉर्डिंग मुकाट डब्यातच साठत होती. बॅकअपला बिचाऱ्याला जुनाच फोल्डर माहीत. तो रोज त्याची कॉपी काढायचा आणि हिरवी खूण द्यायचा.

मग सबुरीने तपासलं नाही का? तपासलं की! पण दर वेळी कॉपीतला एकच आवाज लावून बघायची त्याची सवय. पहिल्या पेशंटचा, एका म्हाताऱ्या पोस्टमनचा. “दार उघडा, पत्र आलंय.” तीन वर्षं तेच वाक्य. बुधवारीही पोस्टमन खणखणीत बोलला, आणि सबुरीने निर्धास्तपणे बटण दाबलं.

गुरुवारी तो ताईचा आवाज तिच्या फोनवर चढवायला बसला. यादीत नाव होतं, पुढे शून्य मिनिटं. खाली आणखी दहा नावं, त्यांच्यापुढेही शून्यच. जुना डबा पुसला गेला होता. डिस्कवाल्याला बोलावलं, तो तासाभराने मान हलवत उठला. “त्या जागेवर नवीन लिहिलं गेलंय. आता काही हाती लागत नाही.”

अकरांपैकी सात जणांचं ऑपरेशन व्हायचं होतं. ते पुन्हा येऊन बोलतील. “आणि बाकी चौघं?” साहेबांनी विचारलं.

घरी जाऊन सबुरीने सगळे जुने व्हिडिओ उपसले. ताई कुठेच नाही, कारण कॅमेरा कायम तिच्याच हातात. एका ठिकाणी तेवढं ऐकू आलं, “सरका रे जरा.” तेवढंच.

शुक्रवारी तो तिच्या खोलीत गेला. गळ्यात नळी, मांडीवर पाटी. तिने लिहिलं, ‘आणलास का आवाज?’

त्याने सांगितलं. डबा, फोल्डर, पोस्टमन, काही म्हणता काही लपवलं नाही.

ताईच्या भुवया चढल्या. बोट उगारलं, तोंड उघडलं. त्याने लहानपणीसारखी मान खाली घातली आणि वाट पाहिली. नळीतून नुसता वारा आला. त्याने वर पाहिलं. बोट तसंच उगारलेलं होतं, आणि ताई घाबरली होती. तिलाही आत्ताच कळलं होतं.

“ओरड ना गं, ताई,” तो म्हणाला. “एकदा तरी ओरड.”