संत जोसेफची पंगत

घरोघरी मातीच्या चुली असतात म्हणे. दारूबंदीच्या काळात शिकागोतल्या आमच्या सिसिलियन गल्लीत घरोघरी भट्ट्या होत्या. साखर, यीस्ट आणि तांब्याची भांडी टोळीचा म्होरक्या डॉन फिलिप्पो पुरवायचा आणि गाळलेला माल त्याचीच माणसं येऊन न्यायची. सरकारने दारू बंद केली म्हणून आमची चूल पेटली, असं माझी मावशी म्हणायची. गल्लीभर आंबूस वास भरलेला असे. फेकलेला चोथा खाऊन मांजरं भिंतीला टेकून चालायची.

मी गास्पारे. तेव्हा मला अजून मिसरूड फुटलं नव्हतं. बाप गटाराच्या खोदकामात गाडला गेला, पाठोपाठ आई तापाने गेली, आणि नुन्झियामावशीने मला ठेवून घेतलं. ती दिवसभर शिवणाच्या कारखान्यात, मी स्वयंपाकघरात भट्टीपाशी. आच वाढली तर भांडं फुटायचं, कमी झाली तर धार तुटायची, त्यामुळे उठायची सोय नाही. बाहेर पोरं दंगा करायची आणि मी नळीतून पडणारे थेंब बघत बसायचो. एकटेपणाची सवय होते म्हणणाऱ्याला एकदा तसं बसवायला पाहिजे. मला ती कधी झाली नाही.

सारो तेवढा यायचा. डॉनच्या माणसांत तो सगळ्यात खालचा, डबे उचलून गाडीत टाकणारा. बाकीचे डबे घेऊन चालू पडत, सारो खुर्ची ओढून बसायचा. खिशातून संत्रं काढायचा, एका अखंड सालीत सोलायचा आणि अर्धं मला द्यायचा.

"काय रे, भांड्याशी लग्न लावलंस काय? दिवसभर त्याच्याच तोंडाकडे बघतोस."

"तुमच्या तोंडापेक्षा बरं दिसतं, सारोकाका."

"बघा! जीभ फुटली कार्ट्याला."

संत्रं संपेपर्यंत बसायचा. त्यावर माझा अख्खा दिवस निघायचा.

ईस्टरनंतर बिशप आमच्या चर्चमध्ये पोरांचं दृढीकरण करायला येणार होते. ते झालं की पोरगा बाप्या झाला असं धरतात. बिशप कपाळाला तेल लावतात तेव्हा धर्मबाप मागे उभा राहून पोराच्या खांद्यावर हात ठेवतो, आणि ते नातं आमच्यात रक्ताहून घट्ट. एकदा शब्द दिला की माणूस अंथरुणातून उठून येतो. न आला तर गल्लीत त्याला कोणी पाणी विचारत नाही. माझ्यासारख्या अनाथाच्या मागे मात्र चर्चचा झाडूवाला उभा करत.

"तो लंगडा पेप्पे?" सारो म्हणाला. "त्याच्या हाताला मेणबत्त्यांचा वास येतो. मी उभा राहीन."

"खरंच?"

"मेलो तरी येईन. फक्त माझ्या पायांकडे बघू नकोस, बूट फाटलेत."

त्या रात्री आनंदाने मला झोप लागली नाही.

आणि मग सारो गायब झाला. डॉनचे डबे तो परस्पर आयरिश टोळीला विकत होता अशी कुजबुज होती. खरंही असेल, फाटक्या बुटांना मोह होतोच. तो कुठे लपलाय हे कोणालाच ठाऊक नव्हतं. एका दुपारी डॉनचा उजवा हात तानो आमच्याकडे आला. एरवी उंबऱ्यावर उभा राहणारा हा माणूस त्या दिवशी खुर्चीवर बसला आणि त्याने टेबलावर नवे कोरे बूट ठेवले.

"तुझ्या दृढीकरणासाठी. सारो तुझा धर्मबाप ना?"

"हो."

"मग येईलच तो. येईल ना रे?"

"येणारच!" मी छाती फुगवून म्हणालो.

"शाब्बास. तुमचं चर्च मला नीट ठाऊक नाही. पुढच्या दाराने येईल की बाजूच्या?"

तो गेल्यावर मी त्या बुटांकडे बघत बसलो. तानो फुकट बूट वाटणाऱ्यांतला नव्हता. सारो असेल तिथून माझ्यासाठी येणार होता, आणि चर्चच्या पायऱ्यांवर हे त्याला मारणार होते.

निरोप कोणाकरवी देणार? ज्याला विचारावं तोच तानोला जाऊन सांगायचा. आच सांभाळता सांभाळता माझ्या डोक्यात एकच वाट आली. मला दुसरा धर्मबाप मिळाला, तर सारोला यायचं कारणच उरत नव्हतं. ती बातमी त्याच्यापर्यंत आपोआप गेली असती, आमच्या गल्लीतल्या बातमीला निरोप्या लागत नाही. पण सारोच यावा म्हणून तानो दुसऱ्या कोणालाही दम देऊन हाकलणार, तेव्हा त्याला हाकलता येणार नाही असा धर्मबाप पाहिजे होता. तसा माणूस गावात एकच.

मार्चमध्ये संत जोसेफचा सण आला. ज्याच्याकडे आहे त्याने पंगत घालायची, आणि तिघा गरिबांना मारिया, जोसेफ आणि बाळ येशू म्हणून सगळ्यांच्या आधी बसवायचं. यजमान स्वतः वाढतो, त्यांच्या हाताचं चुंबन घेतो, आणि त्या दिवशी त्या तिघांना कशालाही नाही म्हणायचं नसतं. सहसा कोणी आणखी पाव मागतं, एवढंच. त्या वर्षी डॉन फिलिप्पोच्या पंगतीत बाळ येशू मी होतो, कारण गल्लीतल्या अनाथ पोरांत मीच त्यातल्या त्यात धुतलेला दिसत होतो.

डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, समोर मासळी घातलेली मॅकरोनी. सगळी गल्ली भिंतींना टेकून उभी. डॉन खांद्यावर पंचा टाकून आला, वाकला, माझ्या हातावर ओठ टेकवले.

"आणखी काय वाढू, बाळ येशू?"

मी मुकुट सावरला. "मला धर्मबाप पाहिजे. तुम्ही उभे राहा, डॉन फिलिप्पो."

तानोच्या हातातला वाढायचा डाव हवेतच राहिला.

"तुला आहे की धर्मबाप," डॉन हळूच म्हणाला.

"तो भिकारडा मला नको," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो. "फाटके बूट घालतो! मला तुम्हीच पाहिजेत."

कोणीतरी फिस्सकन हसलं. डॉन वाकून माझ्या कानाशी आला. "तू काय केलंस ते मला कळलंय, पोरा. आज मी नाही म्हणणार नाही. पण यापुढे तू माझा." मग ताठ होऊन तो मोठ्याने म्हणाला, "वाढा रे, माझ्या पोराला वाढा!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या वाजवणारेच दुसऱ्या दिवशी दारावरून जाताना बोलले. "वारा येईल तशी पाठ देतंय कार्टं." मावशी डॉनच्या नात्याने हरखली होती, तरी मला वाढताना तीसुद्धा म्हणाली, "ज्याची संत्री खाल्लीस, त्याला चारचौघांत भिकारडा म्हणालास?" मी मान खाली घालून खाल्लं. खरं सांगितलं असतं तर तेही गल्लीभर झालं असतं.

दृढीकरणाच्या दिवशी डॉनचा हात माझ्या खांद्यावर होता. हलका, अत्तर लावलेला हात. मी सारखा दाराकडे बघत होतो. तो येऊ नये म्हणून मी जिवाचा आटापिटा केला होता, आणि तरीही तो यावा असं मला वाटत होतं. बिशपनी रीतीप्रमाणे गालावर बारीकशी चापट मारली आणि मी हमसून हमसून रडलो. पोरगं फार भाविक आहे, असं म्हाताऱ्या म्हणाल्या.

सारोची गाडीवरची जागा डॉनने मला दिली. तानो गाडी चालवायचा, मी डबे उचलायचो. कोणाच्याही घरी उंबऱ्यावरून आत कधी गेलो नाही, तानोला घाई असायची. हिवाळ्याच्या तोंडाशी फळवाला मिम्मो न्यू ऑर्लिन्सला भावाकडे जाऊन आला. तिथे धक्क्यावर त्याला सारो भेटला होता.

"माझं नाव काढलं?" मी विचारलं.

मिम्मो फळं रचत राहिला. "मीच काढलं."

"मग?"

"मग काय, थुंकला."

मेलेला माणूस थुंकत नाही, असं मी स्वतःला समजावलं. गाडीत बसून एक संत्रं सोलायला घेतलं, पण साल मधेच तुटली. अर्धं खाल्लं आणि उरलेलं अर्धं कोणासाठी ते न कळून मांडीवर धरून बसलो.

"माझ्यासाठी?" असं म्हणत तानोने ते उचललं आणि खाऊन टाकलं.