सारख्या तळाचे बूट

बूट शिवणाऱ्याला माणसं टाचांवरून कळतात, आणि पाळकसाहेबांची टाच नेहमी बाहेरच्या अंगानं झिजायची. असा माणूस सरळ पाऊल टाकत नाही, हे त्याचं जुनं मत होतं. म्हणून गुरुवारी दुपारी पाळकसाहेब आणि त्यांच्यामागून विमावाला दुकानाची पायरी चढले, तेव्हा त्यानं मान वर केली नाही. तोंडात खिळे धरलेले होते, त्यामुळे निदान नमस्काराची कटकट वाचली.

विमावाला चर्चच्या मंडळीतला मोठा कारभारी. आठवडाभर लोकांना मरणाची भीती घालायचा आणि रविवारी त्याच लोकांना धीर द्यायचा. दोन्हीकडे आवाज तोच, मधात बुडवून काढल्यासारखा.

"बंधू, आनंदाची बातमी आहे," तो म्हणाला. "प्रार्थना-समितीनं तुमच्या लेकीचं काम हाती घेतलंय."

"तिच्या हाताला काम आहे. ती काय, मशीनवर बसलीय."

लेक एकोणीस वर्षांची. बुटांचे वरचे भाग ती शिवायची, तळ तो बसवायचा. तिचा उजवा पाय दोन बोटं आखूड होता. ती सहा वर्षांची असताना राहत्या इमारतीचा जिना कोसळला. त्यात तिची आई गेली आणि हिचं मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण पाय वाढायचा राहून गेला. तेव्हापासून तिचा उजवा बूट तो तळाला कॉर्कचा जाड थर लावून करत आला होता. दफनाच्या दिवशी याच पाळकसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, की यामागे देवाची काहीतरी योजना आहे. त्यानं विचारलं होतं, "आणि जिना बांधणाऱ्याची काय योजना होती?" पाळकसाहेबांनी खांद्यावरचा हात काढून घेतला होता. त्यानंतर दर रविवारी तो लेकीला चर्चमध्ये पोचवायचा आणि सगळ्यात मागच्या बाकावर तोंड मिटून, लोकांच्या टाचा बघत बसायचा.

आता समितीनं असं ठरवलं होतं, की चाळीस दिवस प्रार्थना करायची आणि त्यानंतरच्या रविवारी पोरीचा पाय बरा झाल्याबद्दल देवाचे आभार मानायचे. आभाराची गाणीसुद्धा निवडून झाली होती. तारीख तेवढी देवाला कळवायची बाकी होती. विश्वासाची खूण म्हणून तिच्यासाठी सारख्या तळाचे बूट बापानंच करायचे, ते शेवटचा आठवडाभर वेदीजवळ ठेवायचे आणि आभाराच्या दिवशी तिनं सगळ्यांसमोर ते घालून वेदीपासून दारापर्यंत चालत जायचं.

"आणि पाय वाढला नाही तर?" त्यानं खिळे हातावर घेत विचारलं.

"अशी शंकाच आड येते, बंधू," विमावाला हळुवारपणे म्हणाला. "विश्वास पुरा असला, की झालं."

बापाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे पाय वाढला तर देवाची कृपा, आणि नाही वाढला तर पोरीचा विश्वास कच्चा! हे दोघं मात्र दोन्हीकडून कोरडे. विम्याच्या कागदावरची बारीक अक्षरंसुद्धा इतकी बेरकी नसतात. दोघांना पायरी दाखवायला तो उठलाच होता, तेवढ्यात मशीन थांबलं.

"बाबा, करा ते बूट," लेक म्हणाली.

पाहुणे गेल्यावर तो तिच्यावर बरसला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? ज्यांना स्वतःच्या बुटाची नाडी धड बांधता येत नाही, त्यांना देवाच्या मनातलं कळतं होय?"

"त्यांचं मला काही पडलेलं नाही. मला मागायचंय. इतकी वर्षं मागितलंच नाही मी."

"का?"

"तुम्हाला राग येईल म्हणून."

हे त्याला झोंबलं, पण त्यानं तसं दाखवलं नाही. "आणि तो नाही म्हणाला तर?"

"तर नाही. तो नाही म्हणाला म्हणून मी काही उठून जाणार नाही. आई गेली तेव्हा तरी कुठे गेले?"

"भर चर्चमध्ये तोंडावर पडशील! आणि वर हेच म्हणतील, पायापेक्षा हिचा विश्वासच लंगडा."

"म्हणू देत. तुम्ही बूट चांगले करा, बस्स."

त्यानं नाक मुरडलं. पोरगी आईच्या वळणावर गेली, शहाणी निघाली, असं तो लोकांना सांगत असे. आता त्याला वाटलं, ही पण त्याच कळपातली. भोळ्या माणसाला समजावण्यात अर्थ नसतो, त्याला नुसतं सांभाळायचं असतं. आणि तिला कसं सांभाळायचं, ते मंगळवारी कातडं कापता कापता त्याला सुचलं.

बूट घोट्याच्या वरपर्यंत उंच करायचे. बाहेरून दोन्ही तळ अगदी सारखे. फक्त उजवा आतून खोल ठेवायचा आणि कॉर्क तळाखाली न लावता बुटाच्या आत बसवायचा. पाय बरोब्बर दोन बोटं उचलला जाईल आणि बाहेरून कुणाच्या बापाला कळणार नाही. पोरगी पडणार नाही, हे एक. आणि दुसरं म्हणजे, ते सगळे टाळ्या वाजवून, गळे काढून दमले, की सोमवारी सकाळी पाळकसाहेबांच्या खोलीत जायचं आणि त्यांच्या टेबलावर बूट उलटा करायचा. 'हा घ्या तुमचा चमत्कार, वास घेऊन बघा, सरसाचा येतोय.' हे वाक्य तो कामाच्या नादात दोनतीनदा मोठ्यानंसुद्धा बोलला.

शिवायला घेताना लेकीनं दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवून पाहिले. "उजवा उंच कापलात?"

"हे कातडं आटतं," तो म्हणाला.

तिनं एकदा त्याच्याकडे बघितलं आणि तुकडा सुईखाली सरकवला.

आठवडाभर बूट वेदीजवळ पांढऱ्या कापडावर होते. प्रत्येकानं त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. आत हात घालावा असं एकालाही वाटलं नाही, आणि याच गोष्टीवर त्याची सगळी भिस्त होती. आभाराच्या रविवारी चर्च ठेचून भरलं होतं. विमावाल्यानं नवा कोट घातला होता. मागच्या बाकावर बाप हाताची घडी घालून बसला होता, आणि फुकटचा तमाशा बघायला मिळाल्यासारखा त्याचा चेहरा फुलला होता.

वेदीच्या पायरीवर बसून लेकीनं डावा बूट घातला, मग उजवा. पाय आत जाताच तिचा हात नाडीवर थांबला. मग तिनं गाठ मारली, उभी राहिली आणि चालली. एक पाऊल, दोन, तीन, चार. न झुकता, न डगमगता. बायका रडायला लागल्या, गाणाऱ्यांनी सूर धरला, पाळकसाहेबांनी दोन्ही हात वर केले. कोणी 'हालेलुया' म्हणून ओरडलं आणि अख्खं चर्च उभं राहिलं.

पाचव्या पावलाला लेक थांबली. पहिल्या बाकाच्या कडेला बसून तिनं नाडी सोडली, बुटात हात घालून कॉर्क उपसून काढला आणि वर धरला. गाणं विस्कटत विस्कटत बंद पडलं.

"पाय होता तसाच आहे," ती म्हणाली. "हे बाबांचं काम आहे. मी देवाकडे मागितलं होतं, त्यानं दिलं नाही. का, ते मला माहीत नाही आणि इथं कुणालाच माहीत नाही. तरी मी त्याचीच आहे. पुढच्या रविवारी येईन, माझ्या जुन्या बुटांत."

शेवटी पाळकसाहेबांनी घसा साफ केला. "बंधुभगिनींनो, हीसुद्धा देवाचीच योजना..." आमेन म्हणाला तो एकटा विमावाला, आणि तोही चाचरत.

बापाची हसायची हीच वेळ होती. इतकी वर्षं ज्यांना तो मनातल्या मनात लाथाडत होता, ते सगळे तोंड पाडून बसले होते. पण त्याला हसू येईना. लेक त्याच्या दिशेनं येत होती. तिनं रिकामा बूट परत चढवला होता, तो प्रत्येक पावलाला फटक फटक वाजत होता, आणि ती आता नेहमीपेक्षा जास्त झुकत होती. ती त्याच्या बाकापाशी आली.

"शिवतानाच शंका आली होती," ती हळूच म्हणाली. "वाटलं, बाबा असं करणार नाहीत. लपवाछपवी ते लोक करतात. तुम्ही कधी माझा पाय लपवला नव्हता."

तिला सांभाळतोय, असं तो समजत होता. खरं तर ती पडेल, आणि पडल्यावर तिचा देव तिला पुरणार नाही, हे त्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं. पाय बरा न होताही ती उभी राहील हे या अख्ख्या चर्चमध्ये एकालाही खरं वाटलं नव्हतं, आणि त्यात तोही होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं कॉर्क त्याच्या हातात दिला. तो घाईघाईनं कोटाच्या खिशात घालायला गेला.

"खिशात नको, बाबा. हातात धरा. उद्या खालून बसवा, नेहमीसारखा."

ती पुढे झाली. कॉर्क सगळ्यांना दिसेल असा हातात धरून तो तिच्यामागून दारापर्यंत गेला, आणि वाटेत एकाच्याही टाचेकडे बघायचं त्याला सुचलं नाही.